तुझ्या इद्दतीत मी आले नाही

प्रिय जुबेदा,

काल तू गेल्याच्या चाळिसाव्याला तुझ्या घरी जेवून आले. तुझ्या सुनेनं, नसीमनं, दोनदा आग्रह करून वाढलं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. सांगायला तू नाहीस, म्हणून लिहायला बसले. मुलाच्या पुस्तकांवरून गिरवलेलं माझं अक्षर तुला ठाऊक आहे. "मुंग्या गो या, मुंग्या!" म्हणून हसायचीस.

अठ्ठ्याण्णव साली आमचे हे गेले. सुतकाच्या घरी आपणहून कोण येतं? तू तिसऱ्या दिवशी गरम घावणे घेऊन थेट पडवीत! सासूबाई म्हणाल्या, "सुतकात तव्यावरचं चालत नाही आमच्यात."

"मग तुम्ही नका खाऊ, आजी. हिला खाऊ दे. ही पण गेली तर तुमचं पाणी कोण भरेल?"

तुला आमची रीत माहीत नव्हती, तरी तू आलीस. तेरा दिवस रोज आलीस.

दर ईदला तुझ्याकडे शिरखुर्मा. आणि मी काय केलं? "ये गो एकदा जेवायला," एवढंच म्हणत राहिले. "एकदा म्हंजे कुठला वार?" तू विचारायचीस. आधी सासूबाईंचं निमित्त होतं. त्या गेल्यावर कुठलं होतं? माझी चेपलेली ताटं? कोण काय म्हणेल ते? खरं सांगते, मलाच सांगता येत नाही.

मग तुझे युसुफभाई कुवेतला वारले. तू इद्दतीत, नवऱ्यामागच्या सुतकात, बसलीस. जाऊबाई म्हणाल्या, "चार महिने दहा दिवस ती कुणाचं तोंड बघत नाही." मी खरं मानलं. रोज कॅलेंडरवर एक दिवस खोडायचे. तुझी रीत पाळतेय म्हणून मनातून फुशारायचेसुद्धा! तुझं दार चार पावलांवर, पण कुणाला साधं विचारलं नाही.

एकशे एकतिसाव्या दिवशी आले. तू माझ्या पायांकडे बघितलंस. "चालत आलीस? बरं झालं." चहा दिलास, जास्त बोलली नाहीस. मला वाटलं, दुःख आहे. पुढच्या ईदला बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मी मानानं वाट बघत बसले. बोलावणं करायची पाळी माझी होती, हे तेव्हा सुचू नये?

काल जेवणाआधी हात धुताना नसीमनं विचारलं, "मावशी, पाय आता दुखत नाही ना?"

"कसला पाय?"

"तुमचा मोडला होता ना? अम्मीच्या इद्दतीत सगळ्या बायका येऊन बसायच्या. कुणीतरी म्हणायचं, सुशीला कुठाय? अम्मी सांगायची, तिचा पाय मोडलाय, नाहीतर पहिली तीच आली असती."

सगळ्या बायका येत होत्या, जुबेदा. बंदी फक्त परक्या पुरुषांना होती. आणि तू सगळ्यांसमोर माझ्यासाठी खोटं बोलत होतीस.

कशाला गो? शिव्या द्यायच्या होत्यास! कुणाला तरी पाठवून विचारायचं होतंस, "मेलीस काय?" मी धावत आले असते. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. मी तुला टाकलं असंच समजून तू गेलीस. ते आता कुणाला दुरुस्त करता येणार नाही.

आणि मी नसीमला काय म्हणाले असेन? "हो, बरा आहे आता." साडीखाली पाय ओढून घेतला आणि तुझ्याच घरात दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

शुक्रवारी तिच्याकडे जाणार आहे, न बोलावता. माझा पाय कधीच मोडला नव्हता, हे सांगणार आहे. तू माझी लाज राखत होतीस, तेही सांगणार आहे. त्यावर तिनं मला बस म्हटलं नाही तर उंबऱ्यावरूनच परत फिरेन.

तुझी,
सुशीला