मोगीचा डबा

२४ सप्टेंबर १९६१, रविवार
गुलाबाई बसली. माझ्या लेकीनं, शकूनं, सकाळीच मूर्तीसाठी कोनाडा सारवून ठेवला होता. आता महिनाभर रोज एकेका घरी गाणी, मग मुलींनी आणलेले खिरापतीचे झाकलेले डबे हलवून आत काय ते ओळखायचं. शकूच्या वर्गातल्या मोगीलाही यायला सांगितलं. मीच. तिचे वडील पा. गुरुजी जूनमध्ये सातपुड्यातल्या मोलगीकडून बदलून मी शिकवते त्या शाळेत आले. गावात भिल्ल मास्तर पहिलेच. शकूच्या मैत्रिणींना म्हटलं, गुलाबाई सगळ्यांची. म्हणताना फार बरं वाटलं.

२८ सप्टें.
आमच्या घरची पाळी. मोगी सर्वांत आधी हजर, चापूनचोपून दोन वेण्या. डबा माझ्या हाती दिला. "आईने केलं. कोणालाच ओळखू येणार नाही, बाई!" मोहाच्या फुलांचे लाडू, तिळात कुटलेले.

शेजारच्या रखमाबाई स्वयंपाकघरात डोकावल्या. "मोहाना शेतस का? दारूनं झाड ते! पोरीस्ले हाई खावाडशात? मंग मन्ही पोर येवाव नही."

त्यांची पोर यायची थांबली, तर बाकीच्याही थांबतील. मुली अंगणात गात होत्या. लाडू गाईपुढे टाकले, डब्यात घरचे फुटाणे भरले. वाटलं, कुणाचंच मन मोडायला नको. शहाणीच मी!

डबा हलवला तर खुळखुळला. मोगीनं चटकन माझ्याकडे पाहिलं. मुली ओरडल्या, "फुटाणे!" आमची शकू म्हणते, "काय गं, एवढंच आणलंस?"

मोगी हळूच, "हां. फुटाणेच."

सगळ्या हसल्या. नऊ वर्षांची पोर माझं खोटं झाकत होती, आणि मी खिरापत वाटत होते.

२९ सप्टें.
मधल्या सुट्टीत पा. गुरुजी भेटले. "मोगी म्हणाली, कुणालाच ओळखता आलं नाही! तिची आई विचारत होती, लाडू पुरले का?"
"पुरले."
"आवडले?"
"फार."
म्हणजे मोगी घरीही काही बोलली नाही. लाज वाटते. लिहितानासुद्धा.

२ ऑक्टो.
शाळेत गांधीजयंती. भाषण माझं. सर्वांना आपलं म्हणा वगैरे. मोगी पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवल्या तिनं.

९ ऑक्टो.
ह्यांना सांगितलं. "झालं ते झालं. आपल्याला गावात राहायचंय." मी तरी दुसरं काय ऐकायला गेले होते? गाईला पाणी पाजताना तिच्याकडे बघवत नाही.

१७ ऑक्टो.
पाटलांकडची पाळी. मोगी आली, डबा घेऊन. दारातच झाकण उघडून आधी मला दाखवलं. दुकानातले फुटाणे, कागदासकट.
"बाई, बघून घ्या."
रागानं नाही. गृहपाठ दाखवावा तसं. डबा फिरला तेव्हा कुणी ओळखायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

परत येताना शकू, "आई, मोगी नेहमी फुटाणेच का आणते गं?" चप्पल टोचतेय म्हणून मागे राहिले.

२२ ऑक्टो., रविवार
उद्या कोजागिरी, गुलाबाईचं विसर्जन. शेवटचा दिवस आमच्याच अंगणात.

सकाळी मनाचा हिय्या करून पा. गुरुजींकडे गेले. ते बाजाराला गेलेले. मोगीच्या आईनं खाट टाकली, तांब्याभर पाणी दिलं. प्यायले. तिला म्हटलं, "उद्या ते लाडू पुन्हा कराल? मी सगळ्यांना सांगून वाटीन, मोगीच्या आईनं केलेत म्हणून."

ती हसली. मराठी जपून बोलते. "फुलं सरली, बाई. माहेरची होती तेवढी सगळी तुमच्याकडे दिली."

आता सांगायलाच हवं होतं. तोंड उघडलं, तर आईच्या मागे दाराशी मोगी. नका, नका, अशी मान हलवत होती.

"काही म्हणत होतात?" आईनं विचारलं.
"उद्या तुम्हीही या," म्हटलं. येते म्हणाली.

उद्या अंगणात मुली असतील, रखमाबाई असतील, मोगीची आईही. सगळ्यांदेखत बोलायचं ठरवलंय. बोलले तर त्या माउलीला कळेल, लाडू कुठे गेले. नाही बोलले तर मोगी उद्याही फुटाणे आणेल.

शकूला अजून सांगितलेलं नाही. ती गुलाबाईसाठी हार ओवत बसलीय.