त्याचं ‘आम्ही’

२ जुलै

माफ कर. या शहरात आल्यापासून तुला खोक्यातून बाहेरच काढलं नव्हतं. भांडी निघाली, पडदे लागले, तू मात्र स्वेटरांखाली तशीच. वेळ नव्हता हे कारण खोटं. चांगलं लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि वाईट लिहायची लाज वाटत होती.

बढती माझी. शहर बदललं माझ्यामुळे. नवऱ्याने बँकेतली नोकरी सोडली, “बघू तिकडे काहीतरी” म्हणाला, आणि आला. मला धास्ती – बिचारा एकटा पडेल. मुळातच घुम्या! तिकडे इतकी वर्षं एकाच जिन्यात राहून वरच्या बिऱ्हाडाचं नाव त्याला सांगता यायचं नाही. पाहुणे आले की हा आंघोळीला. आई माझ्या तोंडावर म्हणायची, “जावई केलाय की भिंत?”

आणि इथे एकटी कोण पडली? मी!

५ जुलै

कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गोळ्या घ्यायला गेले. त्याने पत्ता विचारला, सांगितला, तर चेहरा उजळला. “अरे, म्हणजे तुम्ही भाऊंच्या मिसेस! वाटलं नव्हतं.”

वाटलं नव्हतं म्हणजे काय? कसली असायला हवी होती भाऊंची मिसेस? आणि हा भाऊ झाला कधी?

वर सुटे पैसे घेतले नाहीत. “राहू द्या हो, भाऊंकडून घेईन.” मी ते मुद्दाम काउंटरवर ठेवून आले. चुकलंच. माणूस चांगुलपणाने बोलत होता.

८ जुलै

ऑफिसात अजून कोणी चहाला हाक मारत नाही. मी विम्याचे दावे तपासते, फायली बंद करते, घरी येते.

खाली शिवणवाल्या बाईंच्या दुकानाबाहेर बाक आहे. तिथे रोज संध्याकाळी बाई, केमिस्ट, इस्त्रीवाला आणि आमचे हे, असे चौघे पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. खिडकीतून सगळं ऐकू येतं.

“नावडतीचं मीठ…?” इस्त्रीवाल्याने वाचलं.

“अळणी!” बाई ओरडल्या. “अहो, हेही येत नाही? लग्न झालंय ना तुमचं?”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तो. असं हसताना मी त्याला शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवेना. त्यांनी अडून सोडून दिलेले तीन शब्द मला येत होते. एम.ए. मराठी आहे मी! पण वर बघून विचारलं कोणी? मीही सांगितले नाहीत. मनातल्या मनात चौकोन भरले आणि खिडकी लावून घेतली.

१० जुलै

जेवताना म्हणाला, “रविवारी आम्ही तळ्यावर चाललोय.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे… सगळेच. ये की तूही.”

तूही!

लग्न झाल्यापासून याच्या तोंडी फक्त ‘आपण’. आपण भाजी आणू या का, आपण पंखा बंद करू या का. वैताग यायचा मला – अरे, पंखा तुझा तू बंद कर ना! आता तोच माणूस माझ्याच ताटासमोर बसून ‘आम्ही’ म्हणतो. ‘आपण’ म्हटलं की समोरचा आत. ‘आम्ही’ म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर. व्याकरण आहे हे, माझा कांगावा नाही.

की आहे?

१३ जुलै

तळ्यावर गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. दुखत नव्हतं.

१४ जुलै

स्वतःला दाव्यासारखं तपासलं. बाईंचा हेवा वाटतो का? नाही. साठीच्या आहेत, गुडघ्यांना तेल चोळत बसतात. केमिस्टचा? छे. मग उरतो कोण – तोच! नवऱ्याचा हेवा. इतकी वर्षं मी याच्या वतीने सगळ्यांशी बोलले. “ते जरा अबोल आहेत” म्हणून सांभाळून घेतलं. सांभाळून घेणारी मी, म्हणून मी माणसांतली! आता त्याला सांभाळायला लागत नाही, तर मी कोण?

आणि हा हसणारा माणूस इतके दिवस कुठे ठेवला होता याने? माझ्यासाठी का नाही काढला?

दावा नामंजूर. कारण लिहिता येत नाही.

१६ जुलै

साहेबांनी आत बोलावलं. “मॅडम, तुमच्या जुन्या शहरात जागा रिकामी होतेय. हेच पद, हाच पगार. जाता का परत?”

आनंद झाला. पण खोटं लिहिणार नाही – पहिला विचार जुन्या घराचा नव्हता, आईचा नव्हता. पहिला विचार आला: बसा आता कोडी सोडवत, भाऊंशिवाय!

१७ जुलै

साहेबांना हो म्हटलं. तोंडीच. “उद्या आल्याबरोबर वर कळवून टाकतो, मग मागे फिरता येणार नाही हं,” म्हणाले. मी हसून मान डोलावली.

घरी विचारलं नाही. विचारलं असतं तर “तू ठरव” म्हणाला असता. नेहमीच म्हणतो. म्हणून ठरवलं. आज सांगेन.

१७ जुलै, संध्याकाळ

सांगायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, “एक मागू?” या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. केमिस्टने त्याला दुकानाचे हिशेब बघायला बोलावलंय, एक तारखेपासून यायला सांगितलंय. शर्टाचं बटण फिरवत म्हणाला, “इथेच राहू या का गं? कायमचं?” मग घाईघाईने, “तुला करमत नाही, दिसतं मला. पण विचारून बघितलं.”

मी “बरं” म्हटलं. बाकीचं नाही सांगितलं.

उद्या – साहेब यायच्या आत ऑफिस गाठायचं.