प्रत्येक खोलीत फरशीची एक रांग

प्रिय चिमण्या,

चाळिशी उलटली तरी तुला याच नावाने हाक मारते, आणि आज तर मुद्दाम मारतेय. पुढचं वाचताना तू साहेब आहेस हे थोडा वेळ विसरावंस, एवढ्यासाठी. काल फोनवर किती सहज सांगून टाकलंस, "त्या प्लॅनिंगवाल्या मुलीला घरी बसवलंय, आकडे बिघडवत होती." आणि लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. गुडघा ठीक आहे. तळपायाची आग मात्र मस्तकात गेलीय, आणि ती फोनवर बोलून शांत झाली नसती.

मागच्या महिन्यात तू मला हौसेने तू बांधतोयस ते नवं हॉस्पिटल दाखवायला नेलंस. हेल्मेट माझ्या अंबाड्यावर बसेना, तेव्हा तूच पट्टा सैल करून दिलास. एकेक मजला दाखवत म्हणत होतास, "बघ आई, एकही खोली रिकामी नाही, सगळीकडे काम सुरू आहे." मी बघतच होते ना! प्रत्येक खोलीत भिंतीलगत फरशीची एकच रांग. जिथे तिथे दाराची चौकट, पण दार एकालाही नाही. बेसिनवर नळ बसवलेला आणि पाण्याच्या लाइनचा पत्ता नाही. ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा फरशीची तीच एक रांग! तुझी माणसं आजूबाजूला होती आणि तुझा चेहरा फुलला होता, म्हणून मी गप्प राहिले. परत येताना गाडीत तू म्हणालास, "पाऊण काम झालंय." हसावं की रडावं तेच मला कळेना.

अरे, कोणाला सांगतोस हे? अख्खी नोकरी मी याच कामात घालवली. खर्च किती झाला ते कुणीही सांगेल. तेवढ्या खर्चात ठरलेल्या दराने किती काम पदरात पडलं, ते मोजायचं म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू. खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर जायला लागले की त्या एका आकड्याचंच ऐकायचं असतं, आणि तू त्याचंच तोंड बंद केलंस. खोलीचं काम सुरू झालं की अर्धं झालं असं धरायचं, पूर्ण झालं की उरलेलं अर्धं, असा नियम आहे, मान्य. पण तो झटपट उरकणाऱ्या छोट्या कामांसाठी. तू काय केलंस? साऱ्या इमारतीतल्या खोल्या एकदम उघडल्यास, प्रत्येकीत एक रांग बसवलीस आणि प्रत्येकीचं अर्धं काम झालं म्हणून दाखवलंस. कागदावर इमारत धावतेय, आत मात्र एक खाट टाकायची सोय नाही. यालाच डोळ्यांत धूळफेक म्हणतात, दुसरं काही नाही.

तू शाळेत होतास तेव्हा आपण घराचं रंगकाम काढलं होतं, आठवतंय? रंगाऱ्याने पहिल्याच दिवशी चारही खोल्यांच्या भिंती खरवडून ठेवल्या आणि अर्धी मजुरी मागितली. आपण सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीने झोपायचो, तुझी ताई तर ओट्याखाली डोकं घालून. तुझे बाबा म्हणत होते, "जाऊ दे गं, देऊन टाक." मी रंगाऱ्याला म्हटलं, आधी एक खोली पुरी कर, आम्हाला तिथे झोपू दे, मग मजुरीचं बोल. तू पोट धरून हसला होतास आणि कितीतरी दिवस त्याची नक्कल करत होतास. आज त्याच्या जागी तू उभा आहेस आणि मला अजिबात हसू येत नाही.

उशीर झाला म्हणून मी चिडलेले नाही. पाया खणताना पाणी लागलं, डॉक्टरांनी नकाशे पुन्हा पुन्हा बदलायला लावले, लिफ्ट वेळेवर आली नाही. असं होतंच, माझ्याही कामांत व्हायचं. पण तेव्हाच खरे आकडे वरिष्ठांपुढे ठेवले असतेस, तर खालचे दोन मजले पूर्ण करून तिथे रुग्ण घेता आले असते आणि वरचे मजले पुढे ढकलता आले असते. ती मुलगी हेच तर सांगत होती. पूर्ण होऊन तपासलेली खोलीच मोजायची, असं तिने ठरवलं आणि तुझं पाऊण काम उभ्या सांगाड्यापुरतं, म्हणजे अर्ध्यावर आलं. याच चालीने गेलं तर खर्च बजेटच्या दीडपटीवर जाईल, हेही तिने मांडलं. आकडे तिने बिघडवले नाहीत रे. काम तू बिघडवलंस आणि खापर तिच्या डोक्यावर फोडलंस. वर कारण काय लिहिलंस, तर "कामात निष्काळजीपणा". हा शिक्का घेऊन त्या पोरीला दुसरीकडे दारात तरी कोण उभं करणार आहे? एवढी साधी गोष्ट तुला सुचली नाही? की सुचली आणि तरीही लिहिलंस? या दुसऱ्या विचाराने आज दुपारी मला जेवण गेलं नाही.

एवढं सगळं मला कुठून कळलं, हे तुझ्या मनात आलंच असेल. आज सकाळी ती घरी आली होती. निवृत्तीनंतर मी तिच्या कॉलेजात हाच विषय शिकवायचे, म्हणून जुन्या मॅडमचा सल्ला घ्यायला आली. मी कोणाची आई आहे, याची तिला कल्पना नव्हती. भिंतीवरचा तुझा फोटो दिसला तशी पांढरीफटक पडली आणि "माफ करा मॅडम, चुकले" म्हणत उठलीच. मी हाताला धरून खाली बसवलं. तिच्यावरच्या आरोपाची सोमवारी चौकशी आहे, त्यात तिला आपल्या बाजूने बोलायला एक जाणकार माणूस आणता येतो. तुझ्या भीतीने कुणी तयार होईना. मी येते म्हणाले. चौकशीच्या खोलीत शिरल्यावर समोर आई बसलेली दिसून तू गडबडू नयेस, म्हणून हे पत्र. तू स्वतः उठून तिचे आकडे बरोबर होते म्हणालास, तर मी तोंड उघडणार नाही, नुसती तुझ्याकडे बघत बसेन. नाही म्हणालास, तर बोलेन, तुझ्या नजरेला नजर देऊन बोलेन, आणि एकही शब्द मऊ करणार नाही. काहीही झालं तरी त्या दिवशी जेवायला घरीच ये.

तुझीच,
पण सोमवारी तिच्या बाजूने बसणारी,
आई