उडत्या तबकड्यांबद्दल दोन शब्द

सोम. ३ नोव्हें.
आज सरावात माझ्या टीममधल्या वृंदाची फ्रिस्बीची डिस्क थेट कर्णिक काकांच्या चष्म्यावर. काच वाचली, काका भडकले. सकाळी मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या आजी-आजोबांचे ते पुढारी. "मॅडम, ही ताटल्या फेकायची थेरं बंद करा." मैदानाची कमिटी म्हणते, ज्येष्ठांची हरकत नाही असं काकांकडून लिहून आणा, नाहीतर पंधरापासून तुमच्या टीमला गेट बंद. ठाकुर्लीत दुसरं मैदान उरलंय कुठे? दिवसभर शाळेत शिट्टी फुंकायची, वर हे.

गुरु. ६
काकांकडे गेलेले. थोडे पाघळले. म्हणाले, शनिवारी आमच्या कट्ट्यावर खेळाची माहिती सांगा, मग बघू. त्यांच्यापुढे 'फ्लाइंग डिस्क' असं इंग्रजी नको म्हणून विषय शुद्ध मराठीत दिला.
मधल्या सुट्टीत टिपणं. खरं: अमेरिकेत पोरं बेकरीच्या पत्र्याच्या ताटल्या, डब्यांची झाकणं फेकायची. लोणकढी: कॉलेजच्या एका पोराने चर्चमधलं दानाचं ताट भिरकावलं आणि खेळ जन्मला. आणि आपलं घरचं, सुदर्शनचक्र. ते आमच्या निम्म्या स्टाफला पटलेलं आहे. वाद घालायचं त्राण नाही.

शनि. ८
काय सांगू. कट्ट्याच्या फळ्यावर काकांच्या सुवाच्य अक्षरात: 'उडत्या तबकड्या: तथ्य आणि भ्रम'. हॉल गच्च. सगळे परग्रहवासीयांबद्दल ऐकायला आलेले. मी पिशवीतून प्लास्टिकची डिस्क काढली आणि चेहरे पडले. एक आजी म्हणाल्या, "हे? हे तर आमच्या नातवाकडे आहे."
आता आलेच आहे तर बोलले. ताटल्या, झाकणं, दानाच्या ताटाची थाप. पहिल्या प्लास्टिकच्या डिस्का परग्रहांच्या वेडावरच खपल्या, हेही सांगितलं. त्यावर जरा माना हलल्या.
मग काका उठले. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. तरुणपणी खडवलीला नदीवर पोहायला गेलेले, तिन्हीसांजेला डोंगरावर लखलखती चकती दिसली. थांबली आणि गेली. "घरात कोणी मानत नाही. मुलगा तर हल्ली म्हणतो, डॉक्टरांना दाखवू. तुम्ही अभ्यास केलाय मॅडम. असू शकतं ना?"
पाठ ठणकत होती. मैदानाशिवाय काही सुचत नव्हतं. म्हटलं, "असू शकतं." टाळ्या पडल्या.

मंग. ११
काका रोज मैदानावर, खूश. पोरींना चिक्की वाटतात. हरकत नसल्याची चिठ्ठी मात्र नाही. "देतो हो, घाई काय." त्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: क्रीडाशिक्षिकेने खडवलीची तबकडी मान्य केली. वृंदाच्या आजीलाही आला.
वृंदा म्हणाली, "मॅडम, खरंच?"
आमच्या खेळात पंच नसतो. फाउल झाला तर ज्याचा त्याने कबूल करायचा. मीच घोकून घेते पोरींकडून. तिला म्हटलं, "पळ, राउंड मार." लाज वाटली मला.

गुरु. १३
काकांनी टपरीवर चहाला थांबवलं. रविवारी घरी या, मुलासमोर एकदाच सांगा, डॉक्टरचं खूळ जाईल त्याच्या डोक्यातून. चिठ्ठी तयारच ठेवतो.
सांगून टाकलं मग. "काका, मला काही माहीत नाही. मैदानासाठी म्हटलं मी तसं. चांदणी असेल, फुगा असेल, तुम्ही म्हणता तेही असेल. मी फक्त या प्लास्टिकचं वाचलंय."
त्यांनी उरलेला चहा संपवला. "कळलेलं मला. तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं."
"मग?"
"मग काय. घरी सांगून बसलो ना मी, मॅडमनाही पटलं म्हणून. पोराने टीव्ही बंद केला हो, आणि शेवटपर्यंत ऐकलं."
उठताना म्हणाले, "या तरी रविवारी. काही बोलू नका. नुसत्या बसा."
चिठ्ठीचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

शुक्र. १४
काका आज फिरायला आले नाहीत. फोन लावावासा वाटला, लावला नाही.
वृंदा विचारतेय, उद्या यायचं का. 'ये' म्हणून टाकलंय. गेट उघडं असेल का माहीत नाही. आणि रविवारी त्या मुलाने मला सरळ विचारलं तर खरं सांगायचं, की नुसतं बसायचं?