टाकी खाली हाय

मोहाडी,
ता. १९ जानेवारी १९८९

ती. दादा यांस,

धाकट्या जागेश्वरचा साष्टांग नमस्कार. निर्मला वहिनीला नमस्कार, पोरींना आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. मायचे गुडघे दुखतात, बाकी तब्येत चांगली. धान घरात आलं. बांधीत लाखोरी आली आहे आणि मायची धाकटी सून मंदा रोज तिचीच भाजी करते. मी काही बोलत नाही, कारण बोललो तर सकाळच्या न्याहारीलाही तीच मिळेल.

वहिनीचं पत्र सोमवारी आलं. भिलाईच्या तुझ्या कारखान्यात तुला फोरमन करतायत आणि तू नको म्हणून बसलास, असं तिने लिहिलं आहे. एकतीस तारखेपर्यंत तुझा होकार गेला नाही तर जागा दुसऱ्याला देणार. कारणही लिहिलं आहे. तू साहेबाला म्हणालास, माझ्या ऐकण्यावर दुसऱ्याचा जीव टांगू नका. याच्यावरच मला तुला लिहायचं आहे, त्यासाठीच बसलो आहे. पण आधी एका गाडीचं सांगतो, नाहीतर माझं पोट दुखेल. ही गोष्ट तुझ्याइतकी कळणारा माणूस या जिल्ह्यात मला तरी ठाऊक नाही.

राइस मिलवाल्या श्यामरावांची लँडमास्टर तुला आठवत असेल. नवरदेव बसवायला अर्धी मोहाडी मागून नेत असे, तीच. त्यांचा पुतण्या भैय्यालाल नागपूरला शिकून इंजिनिअर झाला. नाकाडोंगरीकडे खाणीवर कोणी परदेशी साहेब आला होता, त्याने आपली गाडी सागाच्या झाडावर घातली. साहेब वाचला, झाडही वाचलं. गाडी भंगारात गेली तेव्हा भैय्यालालने तिचं इंजिन वायरी, पंप, सगळ्यासकट उचललं आणि काकाच्या लँडमास्टरमध्ये बसवलं. काका तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलतात.

दादा, या इंजिनाला कारबुरेटर नाही. मी बॉनेट उघडून दोन वेळा शोधला. त्याच्या जागी चार पिचकाऱ्या आहेत, एकेका सिलिंडरला एकेक. पेट्रोल किती आणि केव्हा मारायचं ते ठरवते एक डबी, बाबांच्या पानाच्या डब्याएवढी. आत काय असेल? मी स्क्रू काढायला बसलो तर भैय्यालालने माझा हातच धरला. "जागेश्वरभाऊ, ते उघडाचं नसते. त्यात कॉम्प्युटर हाय." मी म्हणालो, असू दे, मी नुसता पाहून राहिलो. त्याने डबी आपल्या मांडीवर घेतली आणि काम होईपर्यंत तिथेच ठेवली.

गाडी दुकानात माझ्याकडे आली ती वेगळ्याच दुखण्यासाठी. टाकी भरलेली असली की वाऱ्यासारखी पळते. अर्ध्याच्या खाली पेट्रोल गेलं की तुमसर रोडच्या वळणावर खोकते आणि बंद पडते. सरळ रस्त्याला लागलं की पुन्हा सुरू. भैय्यालालने वायरी तपासल्या, पंप बदलला, शेवटी काकांच्या सांगण्यावरून लिंबूही बांधलं.

मी मागच्या सीटवर बसून सहा वेळा त्या वळणावरून गेलो, कान टाकीला लावून. वळताना आतलं पेट्रोल एका अंगाला चढतं आणि नळीचं तोंड उघडं पडतं. पंप पेट्रोलऐवजी हवा पितो. जुन्या इंजिनाला हे चालत होतं, कारण कारबुरेटरच्या वाटीत दोन घोट शिल्लक असायचे. पिचकारीकडे शिल्लक काहीच नसतं. एक घोट चुकला की मेली. आणखी एक गंमत म्हणजे पंप नेहमी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पुढे ढकलतो आणि उरलेलं दुसऱ्या नळीने परत टाकीत येतं. आपल्या जुन्या टाकीला परत येणाऱ्याचं दारच नाही. भैय्यालालने ती नळी भरायच्या तोंडातच खुपसून ठेवली होती.

आता उपाय सांग बरं. तू हसशील, पण मला तो आपल्या शेतातल्या बोडीवर सुचला. उन्हाळ्यात बोडी आटते तेव्हा आपण मधोमध खड्डा खणतो, आजूबाजूचं सगळं पाणी झिरपून त्यात येतं आणि शेवटची घागर तिथूनच भरते. मग टाकीच्या तळाशी तसाच खड्डा का नको? म्हणजे एक वाटी, बुडाशी बारीक भोकं असलेली. नळीचं तोंड त्या वाटीत, आणि परत येणारं पेट्रोलही त्याच वाटीत सोडायचं. गाडी वळली, बाकीचं पेट्रोल कुठेही गेलं, तरी वाटी भरलेली राहणार. भैय्यालालला सांगितलं तर तो म्हणाला, असं काहीतरी त्याच्या पुस्तकातही आहे. मी म्हणालो, पुस्तकवाल्याची बोडी असेल.

मायचा भाताचा एक पितळी गंज कापून वाटी केली. तिला दोन दिवसांनी कळलं. मग छिन्नीने टाकीचं वरचं पत्र्याचं पान हळूहळू सोडवलं, थंड्यानेच, विस्तव न लावता. इथवर काम मजेत झालं. आता आत वाटीला आणि वर पानाला कथलाचा डाग द्यायचा होता. म्हणजे टाकीला विस्तव लावायचा.

तुला ठाऊक नसेल, पण अकरा वर्षांत मी एकाही पेट्रोलच्या टाकीला डाग दिलेला नाही. गिऱ्हाइकाला भंडाऱ्याला पाठवतो. लोक समजतात मी भावाच्या दुःखाने सोडलं. मी लोकांना तसं समजू दिलं.

ही टाकी मी चार दिवस धूत होतो. उकळत्या सोड्याच्या पाण्याने. माय ओट्यावर बसून पाहत होती. "जागो, ते डबडं अजून किती घासतं? त्यात का भात शिजवाचा हाय?" मंगळवारी सकाळी शेवटी ब्लोलॅम्प काढला, पंप मारला आणि काडी हातात घेऊन बसलो. बसूनच राहिलो. बाहेरून भैय्यालाल सहज म्हणाला, "जागेश्वरभाऊ, टाकी खाली हाय का?"

त्याला काय माहीत. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मी काडी परत पेटीत ठेवली.

दादा, आपल्या दुकानात 'खाली' या शब्दाचा अर्थ काय होता ते बाबांनी आपल्याला मारून मारून शिकवलं होतं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण वास आत बसून राहतो आणि विस्तवाने तोच भडकतो, असं ते म्हणायचे. म्हणून नुसतं पेट्रोल ओतून टाकलं म्हणजे टाकी खाली, म्हणजे रिकामी, नाही झाली. ओतून, तीनदा सोड्याने धुऊन, उन्हात पालथी घालून मग म्हणायचं, खाली हाय. तो शब्द ऐकला की दुसऱ्याने न पाहता विस्तव लावायचा, इतका आपला एकमेकांवर भरवसा.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर ती जीपची टाकी आली. धुवायचं काम माझं होतं. तू आतून विचारलंस. मी म्हणालो, "हो दादा, खाली हाय." आणि मग जे झालं ते झालं. पान उडालं आणि तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बाबांनी मला विचारलं, "खाली हाय असं कोन म्हनलं?" मी म्हणालो, "मी म्हनलो. पन खाली म्हंजे ओट्याच्या खाली ठेवली हाय, असं म्हनलो. दादाले वाटलं धुतली." टाकी खरंच ओट्याच्या खालून उचलून तू नेली होतीस, म्हणून सगळ्यांना पटलं. बाबा तुला म्हणाले, कान कुठे ठेवून काम करतोस? बाजारात किती दिवस लोक हसत होते, कोणतं खाली, रिकामं की खालचं. तूही मान्य केलंस. तू म्हणालास, माझ्याच ऐकण्यात चूक झाली, जागोला कोणी बोलू नका. महिन्याभरात भिलाईला निघून गेलास. डॉक्टरने कान चांगले आहेत म्हटलं, तरी वहिनी लिहिते, तू अजून प्रत्येकाला दोनदा बोलायला लावतोस.

त्या दिवशी मंडईची जत्रा होती. दुपारी दंडारीचा खेळ उभा राहणार होता आणि माझा सोबती चिंधू सायकल घेऊन रस्त्यावर माझी वाट पाहत होता. मी पेट्रोल ओतून टाकलं आणि टाकी ओट्याच्या खाली ठेवली. धुतली नाही. एकदाही नाही. तू विचारलंस तेव्हा मी 'खाली' म्हणालो ते धुऊन रिकामी या अर्थानेच म्हणालो. दुसरा अर्थ मला बाबांसमोर उभा राहिल्यावर सुचला. इतका सोपा सुचला की मलाच त्याचं नवल वाटलं, आणि मग अकरा वर्षं तो परत घेता आला नाही. बाबा तुला बोल लावतच वारले. शेवटच्या रात्री मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, तेव्हाही बोललो नाही.

मंगळवारी मी भैय्यालालला आत बोलावलं आणि म्हणालो, खाली हाय का असं विचारू नको. धुतली हाय, सातदा. हात घालून पाह्य, नाक लावून पाह्य. त्याने पाहिलं. मग आत वाटीला डाग दिला, आणि सांध्याच्या खालपर्यंत पाणी भरून वरच्या पानालाही दिला. पाव टाकीवर त्या वळणावरून गाडी चार वेळा नेली, एकदाही खोकली नाही. श्यामराव पुतण्याशी बोलले. पण गाडी गेल्यावर मला आनंद झाला नाही. वाटलं, परक्याच्या पोराला मी खरं सांगू शकतो, आणि तिकडे तू माझं खोटं कानात घेऊन फोरमनकी नाकारतोयस.

काल मायला सांगितलं. ती उठून चुलीकडे गेली आणि अजून माझ्याशी बोललेली नाही. बाजारात रविवारी सांगेन, चहाच्या टपरीवरच, जिथे लोक हसले तिथे. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. तुला वाटेल ते कर, येऊन माझ्या थोबाडीत मार. फक्त एकतीसच्या आधी साहेबाकडे जा आणि हो म्हण.

तुझ्या कानात काही दोष नाही, दादा. मी जे म्हणालो तेच तू ऐकलंस.

तुझ्याशी खोटं बोललेला,
जागेश्वर