सुनेची काळी चंद्रकळा

शनिवार, संध्याकाळ

अजून मन ठिकाणावर नाही. मितालीची, आमच्या नव्या सुनेची, पहिली संक्रांत तोंडावर आली, म्हणून काल मेन रोडवरून तिच्यासाठी काळी चंद्रकळा आणली. बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. आज सकाळी हौसेने हातात दिली, तर तिचा चेहराच उतरला. ती कोलकात्याची. हळूच म्हणाली, "आई, आमच्याकडे नव्या नवरीला काळं देत नाहीत. अशुभ मानतात."

मला हे आधी सुचलं कसं नाही? दिवसभर तेच डोक्यात. परत करावी का? पण ते ठिपके किती आवडले होते मला!

शेवटी मीच तिच्या आईला फोन लावला. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की थंडीत काळं ऊब देतं, संक्रांतीला सुनेचे लाड करायचे तर आम्ही काळीच साडी घेतो, वर हलव्याचे दागिने घालतो. मग त्या हसल्या.

"तो दुर्गापूजा में आप हमारी साड़ी पहनिए. सफेद, लाल किनारवाली."

सणाला पांढरी? आमच्याकडे पांढरं दुखवट्याचं. मी नको म्हणणारच होते. मिताली समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती. सकाळी तिलाही असंच झालं असणार.

"जरूर पहनूँगी," मी म्हणाले.

मितालीने माझ्या हातातून फोन घेतला आणि आईशी बंगालीत भरभरून बोलत सुटली. मला एक अक्षर कळलं नाही, पण लग्नानंतर तिला इतक्या मोठ्याने हसताना पहिल्यांदाच ऐकलं.