लाईन जोडली की कान काढायचा

सोमवार, ५ जानेवारी

वकीलसाहेबांनी ऑफिसला कुलूप घातलं. कायमचं! मुलाकडे राहायला जाणार म्हणे. जाता जाता मला शिफारसपत्र दिलं — म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मीच टाईप केलं. "सदर महिला प्रामाणिक व कार्यतत्पर असून..." सदर महिला म्हणजे मी! आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. साहेब उगाच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत बसले.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "होईल काहीतरी." लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. मधेच अडकलेल्यांना हेच सांगायची सवय!

बुधवार, ७ जानेवारी

ताईंचा फोन. यांची थोरली बहीण. त्यांचा आवाज ऐकला की मी आपोआप ताठ बसते.

"आता दुसरी नोकरी बघशील, ती काही समोरच्या इमारतीत नसणार. आईला दिवसभर एकटीला कशी ठेवणार? माझ्याकडे पाठवा."

चुकीचं काही बोलल्या नाहीत, हेच तर अवघड. आई बाथरूममध्ये पडल्या तेव्हापासून त्यांना एकटं सोडत नाही आम्ही. ऑफिस समोर होतं म्हणून निभावलं. मी तिथल्या खिडकीतून हात हलवायचा, त्यांनी इथून काठी हलवायची. जेवायच्या सुट्टीत घरी पळत यायचं. आता काय करायचं?

आईंना विचारलं. "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाल्या आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. मागे ताईंकडे राहून आल्या होत्या तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. तिथे खिडकीसमोर नुसती भिंत आहे. इथे आख्खा रस्ता दिसतो — कोण कुणाशी भांडलं, कुणाचा कुत्रा सुटला, सगळं!

लिहूनच ठेवते. मला त्यांना पाठवायचं नाही. इतक्या वर्षांनी वाद घालायला दुसरी सासू कुठून आणू?

शुक्रवार, ९ जानेवारी

लेकीने फोनवर डोक्यात किडा सोडला. ट्रान्सक्रिप्शन! रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि टाईप करायचं. घरबसल्या. "आई, हे काम तुझ्याचसाठी आहे गं."

दिवसभर कॉम्प्युटरला चिकटून होते. एका ठिकाणी म्हणे आधी नोंदणीचे पैसे भरा. दुसरीकडे बँकेच्या कार्डाचा फोटो मागितला. लेक ओरडली, "बंद कर ते! आत्ताच्या आत्ता!" तिसरीकडे मात्र पैसे नाहीत, फोटो नाही, फक्त चाचणी. पास झालं तर आधी कच्च्या यादीत, काम पसंत पडलं की पक्क्या. पक्क्या यादीत गेलं की नियमित काम. मग ताईंना काय सांगायचं याची चिंता नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

चाचणीची फाईल आली. एका बागेतल्या माळ्याची मुलाखत. हेडफोन लावले आणि मागे-पुढे करत टाईप केलं. जे कितीदा ऐकूनही कळत नाही तिथे कंसात लिहायचं — (अस्पष्ट). बाकी सगळं अगदी स्वच्छ उतरवलं. माझी मीच खूश!

मधे आईंनी काठीने माझी खुर्ची ढोसली. बऱ्याच हाका मारून झाल्या होत्या म्हणे. चहा हवा होता.

बुधवार, १४ जानेवारी

नापास!!

गुरुवार, १५ जानेवारी

काल लिहवेना.

तिथल्या तपासनीस बाईंनी फोन केला होता. मऊ आवाज, पण मुद्द्याला पक्क्या. "माळी काय म्हणालाय ते परत एकदा ऐका."

ऐकलं. माळी म्हणतो, "ते झाड ना... अं... ते मी लावलंच नव्हतं हो, ते आपलं आपणच आलं." आणि मी काय टाईप केलं? "सदर झाड मी लावले नसून ते आपोआप उगवले आहे."

वकीलसाहेब माझ्या बोटांत ठाण मांडून बसलेत! पानभर तसंच. गरीब बिचाऱ्या माळ्याला मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं! बाई म्हणाल्या, "भाषा सुधारायची नाही. त्याचा तो 'अं' सुद्धा त्याचाच आहे." आणखी एक संधी देतायत.

आईंना सांगितलं तर पोट धरून हसल्या. तेव्हापासून चालूच आहे — "सदर चहात साखर नाही." "सदर सुनेला ऐकू येत नाही."

सोमवार, १९ जानेवारी

पास! कच्च्या यादीत नाव लागलं. यांनी येताना केक आणला, तो येईपर्यंत एका बाजूने चेपला होता. त्याच बाजूचा मला दिला.

शनिवार, २४ जानेवारी

मजेत चाललंय. टेबल आईंच्या खिडकीशी ओढून घेतलंय. त्या रस्ता बघतात, मी माणसं ऐकते. शिंपीणबाई, बसचालक, बेकरीवाला — कुठलेसे अभ्यासक त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारतात. बसचालक मधेच गप्प होतो तेव्हा मी लिहिते (विराम). पूर्वी माझ्या हिशेबी गप्प म्हणजे काहीच नाही. आता तेही टाईप करावं लागतं!

वकीलसाहेबांनी मला इतकी वर्षं कागद दिले. माणसं आत्ता भेटतायत. खरंच बरं वाटतंय.

मंगळवार, २७ जानेवारी

सगळं बिनसलं.

हेडफोनची वायर खुर्चीत अडकून निघाली आणि खोलीभर आवाज घुमला. एक नर्स बोलत होती. तिच्या हातून पहिला रुग्ण गेला त्याबद्दल. रडत होती.

"कोण बोलतंय?" आई दचकल्या. मी समजावलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे तू लोकांचं बोलणं ऐकत बसतेस? मला वाटलं, कुणीतरी मजकूर सांगतंय, वकिलासारखा."

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, अगदी निवृत्त होईपर्यंत. तेव्हा बाहेरगावचे फोन हाताने जोडावे लागायचे. त्यांचा नियम आम्हा सगळ्यांना पाठ आहे — दोन्हीकडचं हॅलो ऐकू आलं, लाईन जोडली, की कान काढायचा. गावभरची लग्नं, भांडणं, मरणं त्यांच्या कानावरून गेली असतील. घरात अवाक्षर नाही! माझं स्थळ कुणी सुचवलं हेसुद्धा आजवर सांगितलेलं नाही. सासरे आपले एके दिवशी बाबांच्या दारात येऊन उभे राहिले. कुणी पाठवलं? तर "एका ओळखीच्यांनी". कोण ते ओळखीचे, बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"त्या पोरीला ठाऊक आहे का, तू ऐकतेयस ते?" आईंनी विचारलं. संध्याकाळी चहा न घेताच त्या आपल्या खोलीत गेल्या.

गुरुवार, २९ जानेवारी

माझ्याशी अबोला. आणि आज स्वतः ताईंना फोन केला — "मला घेऊन जा." मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. ज्या कामासाठी एवढी धडपड केली ते आईंना जवळ ठेवता यावं म्हणून. आणि त्याच कामापायी या निघाल्या! भांडी इतकी जोरात घासली की हे म्हणाले, "अगं, नक्षी निघेल." मला रडू आलं. यांनी मुकाट्याने घासणी काढून घेतली आणि उरलेली भांडी स्वतः घासली.

शनिवार, ३१ जानेवारी

आईंची बॅग भरून दारात. ताई उद्या येणार.

नर्सची फाईल अर्धीच राहिली होती. बसवेना, पण काम तर द्यायला हवं. पहिल्यापासून लावली — आणि सुरुवातीलाच थांबले. प्रत्येक फाईलच्या तोंडाशी ते असतंच की! मी आजवर यंत्रासारखं टाईप करत पुढे गेले. वायर काढली, आवाज वाढवला, लॅपटॉप आईंच्या खोलीत नेऊन ठेवला.

"हे रेकॉर्ड होतंय. कुणीतरी ऐकून टाईप करेल. चालेल ना? नको असेल तर नाही म्हणा."

नर्स म्हणते, "चालेल. मला... मला सांगायचंच आहे हो. कुणी विचारलंच नाही आजवर."

मी लगेच बंद केलं. आई बराच वेळ काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत लाव." परत लावलं.

"आम्हाला एक्स्चेंजमध्ये कुणी असं विचारायला लावलं नव्हतं," एवढंच बोलल्या. थोड्या वेळाने: "बॅग वर ठेवायला सांग त्याला. जड आहे, तू उचलू नकोस."

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आता आई माझ्या साहेब झाल्यात! फाईल उघडली रे उघडली की —

"विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"चालेल म्हणाला."

"मग कर." आणि खुर्ची खिडकीकडे. पुढचं एक अक्षर ऐकत नाहीत. मी कधी हसले तर पाठमोऱ्याच विचारतात, "काय झालं?" मी म्हणते, "सांगता येत नाही." तर खुशीत मान डोलावतात. पोटात गुपित ठेवणारी सून मिळाली एकदाची!

मंगळवार, १० फेब्रुवारी

आजची फाईल वेगळी. सुरुवातीला कापडाची खसखस. मग दोन पुरुष. एक आपल्या घरातलं काहीतरी सांगतोय, हळू आवाजात. मधेच म्हणतो, "हे आपल्यातच ठेव हं." फोन खिशात ठेवून रेकॉर्ड केलंय, स्पष्ट कळतं. पुढे ऐकलं नाही. फक्त पहिलं आणि शेवटचं तपासलं. कुणीही विचारलेलं नाही.

या आठवड्यात पक्की यादी ठरणार. कच्च्या यादीतल्यांनी काम परत करू नये, हे पहिल्याच दिवशी बजावलेलं.

"विचारलं?" आईंचा आवाज आला.

'विचारलं' म्हणाले असते तर संपलं असतं. त्या थोड्याच तपासायला येणार होत्या! तोंड उघडलं, पण खोटं बाहेर पडेना.

"नाही विचारलेलं, आई. पण परत केलं तर कदाचित काम जाईल. मग तुम्हाला..."

आई वळल्या. मला वाटलं, आता नियम ऐकवणार. "तुझं तू ठरव," म्हणाल्या. "मी ताईकडे राहीन. भिंत तर भिंत."

परत पाठवली. कारण लिहिलं — "परवानगी ऐकू आली नाही." सदर-बिदर काही नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दोन दिवस एकही फाईल नाही. ताईंनी फोनवर विचारलं, "काम कसं चाललंय?" मी म्हटलं, "छान." आणि पटकन विषय बदलला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

तपासनीस बाईंचा फोन! ती फाईल त्यांच्याकडूनच न तपासता पुढे आली होती. ज्याची होती त्याला परत केली. "तुम्ही कळवलंत म्हणून लक्षात आलं," म्हणाल्या. आणि मग, अगदी भाजी आणायला सांगावं तशा सुरात, "सोमवारपासून पक्क्या यादीत आहात."

जीव भांड्यात पडला! हे म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, होईल काहीतरी?" यांना उशी फेकून मारली.

ताईंनाही कळवलं. म्हणाल्या, "बरं झालं गं. आई त्या भिंतीकडे बघत बसायची, मलाच कसंतरी व्हायचं. पण मुलगी म्हणून विचारायला तर हवं ना." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलताना मी मागे टेकून बसले होते.

रविवार, १५ फेब्रुवारी

दुपारी आई म्हणाल्या, "लाव तुझं ते यंत्र." जसं बोललं गेलं तसं उतरवते आहे.

आई: आधी विचार.

मी: आई, हे रेकॉर्ड होतंय. चालेल ना?

आई: चालेल. (विराम) मी... अं... मी एकदा कान काढला नव्हता. तुझे वडील होते लाईनवर. तुझ्या आत्याशी बोलत होते. म्हणाले, "माझी पोर सगळ्यांचं ऐकून घेते गं. तिचं कुणी ऐकेल, असं घर मिळायला हवं." मी ऐकत राहिले. सगळं. दुसऱ्याच दिवशी तुझ्या सासऱ्यांना तुमच्याकडे धाडलं. (विराम) तर... ऐकलं का गं आम्ही? तुझं?

मी: (अस्पष्ट)